दोन राज्यांतलं बाळंतपण

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात. नागपूरला दिलेली लेक सातव्या महिन्यात भोपाळला आली, अशोका गार्डनमधल्या आमच्या दोन खोल्यांत. त्याच सुमारास धाकट्या दिरांची मुलगीही अरेरा कॉलनीत आईकडे आली होती. तिचं सासर भोपाळातच, नोकरी सरकारी कचेरीत, कायम. दोघींसाठी डिंकाचे लाडू मीच केले.

लेकीला मुलगी झाली, पुतणीला मुलगा. बाळंतिणीला सरकारकडून मिळणाऱ्या पैशांचं विचारलं, तर अंगणवाडीची बाई म्हणाली, "भाभीजी, इनका नाम तो महाराष्ट्र में चढ़ा है, पैसा वहीं से मिलेगा." जावयांनी नागपुरात विचारलं, तर तिथली अंगणवाडीवाली म्हणाली, बाळंतपण इकडे झालं असतं तर काहीतरी करता आलं असतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. योजना आखणाऱ्यांच्या मुलीही माहेरीच येत असतील, पण ते असो.

बारशाला दीर आणि जावई कोणतं राज्य चांगलं यावर जेवण होईस्तोवर भांडले. दीर म्हणे, बायकांच्या खात्यात दरमहा पैसे आधी आम्ही टाकायला लागलो. जावई म्हणे, आमचं महाराष्ट्र बघा. जसे काही स्वतःच्या खिशातून देत होते. रजेबद्दल कोणी बोललं नाही. मी पुऱ्या वाढत होते.

पुतणीला सहा महिन्यांची पगारी रजा होती. लेक नागपुरात एका दवाखान्याच्या खिडकीवर बसते, पण एजन्सीमार्फत. एजन्सीचा माणूस फोनवर गोड आवाजात म्हणाला, "आराम करा ताई, फक्त पुढच्या महिन्यात जागा असेलच असं नाही." असं करता येत नाही, कायदा आहे, असं दीर म्हणाले. असेल. जावयांचंही काम कंत्राटीच, लेकीच्या सासूबाई दिवसभर दुसऱ्यांकडे स्वयंपाकाला. तेव्हा पोर माझ्याकडे ठेवायची ठरली.

जाताना लेक रडली नाही. बाटली कशी उकळायची ते तिने मला दाखवलं, जिने तिला वाढवलं त्या मला. मग म्हणाली, "आई, मी सुट्टीत आले की ती माझं दूध घेईल ना?"

"घेईल," मी म्हटलं. मला वाईट वाटायला हवं होतं. दात काढल्यावर गाल बधिर असतो, तसं झालं होतं.

पोर बाटली धरेना. चमच्याने पाजलं की निम्मं मानेवर ओघळायचं.

काल पुतणी भेटायला आली तेव्हा पोर रडत होती. पुतणीने आपलं निजलेलं मूल माझ्या मांडीवर दिलं, भिंतीकडे तोंड केलं आणि आमच्या पोरीला ओढणीखाली घेतलं. रडणं थांबलं. घोट घेतल्याचा आवाज मला ऐकू येत होता. पुतणीला रजा आहे म्हणून तिच्याकडे दूध आहे, असं माझ्या मनात आलं. त्याची लाजही वाटली नाही.

"मोठी आई, मी रोज येऊ का?"

"ये," मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीची जेवणाची सुट्टी झाली होती. या वेळी ती रोज व्हिडिओवर पोरीला बघते.

"उचल ना," पुतणी म्हणाली.

मी फोन गादीवर पालथा ठेवला आणि तो वाजायचा थांबेपर्यंत तिच्या बाळाला थोपटत राहिले.