दातांच्या डॉक्टरांचं दुखणं

आयुष्यभर लोकांचे दात उपटताना दंतवैद्यांनी एकच थाप मारली होती, "काही दुखत नाही हो." त्यामुळे त्यांच्याच फुप्फुसातली गाठ काढायची वेळ आली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई पाठीत सुई घालताना "मुंगी चावल्यासारखं वाटेल" म्हणाल्या, तेव्हा आपलाच माल आपल्या गळ्यात मारला जातोय हे त्यांना लगेच कळलं. मुंगी कसली, चांगला डोंगळा होता! पण व्यवसायातल्या माणसासमोर कण्हायचं कसं?

ऑपरेशन झकास झालं. एक फुप्फुस मिटवून दुसऱ्यावर श्वास चालू ठेवला आणि गाठ सबंध काढली. आता पाठीतल्या बारीक नळीतून बधिर करणारं औषध ठिबकत होतं. ते किती सोडायचं हे ठरवायला बाई विचारायच्या, "दहापैकी किती दुखतंय?" दंतवैद्य रुबाबात सांगायचे, "दोन." कमी आकडा सांगणाऱ्याला बक्षीस आहे, अशीच त्यांची समजूत असावी.

खरी गोम अशी, की दुखू नये म्हणून पठ्ठ्या श्वासच चोरून घ्यायचा. खोकला आला की गिळून टाकायचा. वर या अकलेवर स्वतःच बेहद्द खूश!

मग ताप चढला. एक्स-रे बघून बाई खुर्ची ओढून बसल्या.

"डॉक्टर, कफ साचतोय. खोकून काढला नाहीत तर न्यूमोनिया होईल. पुन्हा घशात नळी, पुन्हा व्हेंटिलेटर. त्यातून बाहेर याल याची खात्री मी देणार नाही. आता सांगा, किती दुखतंय?"

दंतवैद्यांची पाचावर धारण बसली. तरी तोंडातून निघालं, "दोन... अडीच म्हणा."

"आठ लिहा," पायाशी उभी असलेली बायको म्हणाली. "हाताचं हाड मोडलं तेव्हाही हे असंच म्हणत होते. अहो, एकदा तरी कबूल करा ना! शूर नवरा नकोय मला, घरी येणारा हवाय."

तिचा आवाज फाटला होता. दंतवैद्यांचा सगळा ताठा गळाला. "दुखतंय गं," ते म्हणाले, "फार दुखतंय." आणि बाईंच्या देखत ढसाढसा रडले.

बाईंनी औषध वाढवलं. जरा वेळानं टाक्यांना हिसका बसू नये म्हणून बायकोनं त्यांच्या छातीशी उशी घट्ट दाबून धरली आणि ते खोकले. काय खोकले! सगळा वॉर्ड दणाणला. भांड्यात घट्ट, हिरवट कफाचा गोळा पडला. लग्नातल्या दागिन्यांकडेही तिनं इतक्या कौतुकानं पाहिलं नव्हतं.

"अजून," ती म्हणाली, आणि उशी पुन्हा घट्ट धरली.