यंत्राला सवडच नव्हती

नव्वद सालची गोष्ट. आमच्या शेजारच्या सुमनबाईंचे दीर उद्धवराव मस्कतला नोकरीला. त्यांनी भावाच्या घरी भांडी घासायचं यंत्र पाठवलं. परभणी स्टेशनावरून ते ऑटोरिक्षात बसून आलं आणि सुमनबाईंचे यजमान दिनकरराव, हेडमास्तर माणूस, मागून सायकलवर धापा टाकत आले. अर्धी गल्ली बघायला जमली. कौतुक ओसरल्यावर दगडाबाई पुढे झाल्या. सुमनबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून या घरची भांडी त्याच घासत होत्या, आणि त्यांचं पोट या एका घरावरच होतं.

“मंग उद्यापून मी येऊ नको का, वैनी?”

“छे! हे भांड्याचं न्हाईच,” सुमनबाई घाईघाईनं म्हणाल्या. “दुसऱ्या कामाचं हाय.”

आता दुसरं काम शोधणं आलं. यंत्र रिकामं दिसलं की दिनकरराव त्यात ताटं कोंबणार, म्हणून सुमनबाईंनी ते रिकामं ठेवलंच नाही. सकाळी मातीनं भरलेल्या भुईमुगाच्या शेंगा, दुपारी रताळी. घट्ट झाकणाच्या डब्यात अळूवड्या ठेवल्या, त्या गरम पाण्यावर सुरेख शिजल्या. मी स्वतः खाल्ल्यात. देव घातले तेव्हा गणपती लख्ख निघाला, पण बाळकृष्ण जाळीखाली गेला आणि त्याला काढायला हेडमास्तरांना आत डोकं घालावं लागलं. एकदा त्यांची पांढरी टोपी नारळाला बसेल एवढी होऊन बाहेर आली. हट्टी माणूस, तीच घालून शाळेत गेले! गल्लीतल्या बायका कंदिलाच्या काचा घेऊन येत आणि लाइट गेली की ओट्यावर गप्पा मारत बसत.

मग उद्धवराव सुट्टीवर आले. ओसरीत जेवणं झाली. मीही पंगतीला होतो.

“दादा, यात लोणच्याच्या बरण्या कशाला?”

दिनकरराव ओशाळले. “काढा त्या! आज ताटं यातच घालायची.”

दगडाबाई मागच्या दारात काथ्या घेऊन उभ्या होत्या. त्यांचं तोंड बघून मला हेडमास्तरांचा भयंकर राग आला.

सुमनबाई ताटांपुढे आडव्या उभ्या राहिल्या. “खरकटं सैपाकघरात न्यायचं न्हाई, भावजी. यंत्राशेजारी देव हायत. आदी मोरीवर घासू द्या, मंग खुशाल घाला.”

“घासलेली भांडी घासायची?”

“मंग खरकटं देवाम्होरं ठिवू का? तुमीच सांगा.”

ही शिकवण त्या दोघा भावांच्या आईचीच. दिनकररावांनी स्वतःच ताटं उचलून मोरीवर नेऊन ठेवली.

दगडाबाईंनी राखेनं ताटं घासली. मग यंत्र तासभर घुमलं. ताटं बाहेर आली तर त्यांना पावडरीचा वास. दगडाबाईंनी नाक मुरडलं आणि सगळी ताटं परत मोरीवर नेली.

त्या घरात तीच रीत पडली. रोज दोनदा घासणं एकट्या बाईला झेपेना, म्हणून पुढच्या सोमवारपासून दगडाबाईंची सूनही कामाला यायला लागली.