पाण्याचा निकाल

नाशिकमध्ये गोदावरीला गोदावरी म्हणायचं ते शाळेच्या पुस्तकात. घरी ती गंगाच. माझे वडील, आमचे दादा, बाजारात हमाली करत आणि कामावर जाण्याआधी वस्तीतल्या पोरांना गंगेवर पोहायला शिकवत. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं, ही त्यांची पद्धत. मीही तसाच शिकलो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. विषय रसायनशास्त्र. त्या वर्षी दादा शिकवत त्या पोरांपैकी दोघांचे कान वाहू लागले, एका मुलीला कावीळ झाली. पोरं उतरायची त्याच्या जरा वरच्या अंगाला शहराचा नाला नदीत पडत होता. मला शंका होती, पण दादांना सांगणार कसं? नदीतलं मला जे काही कळत होतं, ते त्यांच्याकडूनच. शेवटी कॉलेजात सरांना विचारलं. ते म्हणाले, "बाटली भरून आण. तपासू."

बाटली भरून आणून मी कोनाड्यात ठेवली. दादांनी विचारलं, "हे काय रे?"

"गंगेचं पाणी. उद्या कॉलेजात त्याची परीक्षा आहे."

नाल्याचा विषय काढायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्या पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचे थेंब टाकले. पाण्यात घाण असेल तर गुलाबी रंग उडतो. आम्ही वाट बघत बसलो. रंग जसाच्या तसा. सरांनी बाटली हुंगली आणि म्हणाले, "गंगेला नळ कधी बसवला रे?" वर्ग हसला. पाण्याला क्लोरीनचा वास येत होता.

घरी येऊन विचारलं, तर दादा सहज म्हणाले, "मीच बदललं सकाळी. लय गढूळ व्हतं. तू नापास झाला असता ना." बाटली त्यांनी राखेनं घासून, नळावर भरून ठेवली होती. वर मलाच विचारलं, "झालं ना पास?"

दुसऱ्या दिवशी सरांकडून परमँगनेटची पुडी मागून आणली. दोन काचेचे पेले मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात गंगेचं.

"हे तर विहिरीत टाकायचं लाल औषध," दादा म्हणाले.

आम्ही जेवायला बसलो. भाकरी संपेपर्यंत गंगेचा पेला चहासारखा झाला होता. नळाचा गुलाबीच होता.

"म्हंजे हे नापास?"

"हो."

"मी कधीची सांगतेय, धोतराला वास मारतो," आई म्हणाली. "पण मी कुठं कॉलेजात जाते!"

दादा हसले नाहीत. "पोरं ह्याच्यात गुळण्या करत्यात," एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिकवणं बंद केलं. डबे खुंटीला लागले. पण पोरं काही थांबली नाहीत. तिसऱ्या दिवशी ती एकटीच गेली, डब्यांशिवाय. एक बुडायला लागला, तेव्हा कपडे धुणाऱ्या एका बाईनं त्याला केसांना धरून ओढून काढलं.

मग दादा पुन्हा उभे राहिले, पण नाल्याच्या वर, जिथं पाणी स्वच्छ होतं. तिथं डोह होता आणि मधोमध भोवरा. मी रोज काठावर उभा राहून डोकी मोजायचो. एखादं डोकं जरा वेळ दिसलं नाही, की पुन्हा पहिल्यापासून मोजायचो. पोरांना नाल्यातून काढून मी डोहात तर लोटलं नाही ना? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

नाला नदीत पडू देऊ नये, असा अर्ज मी नगरपालिकेला लिहिला. चार वेळा खाडाखोड केली. आत जायला संकोच वाटत होता, म्हणून दादा सोबत आले. कारकुनानं पोचेवर शिक्का मारून दिला. तो कागद दादांनी घडी करून टोपीत ठेवला.

माझी बी.एस्सी. झाली, नोकरी लागली. अर्जाचं उत्तर काही आलं नाही, नाला तसाच वाहत होता. पोरं मोठी होत गेली, नवी येत गेली, आणि दादा डोहाच्या काठी गुडघाभर पाण्यात उभेच. संध्याकाळी मी कामावरून घरी आलो, की पायातल्या चपला काढायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "काय रे, लागला का निकाल?"