गोळी घेतली का?

मला ल्युपस आहे. या आजारात माझे गाल लालबुंद होतात. निदान झालं त्याच वर्षी नाचणगावच्या आमच्या घरी महालक्ष्म्या बसल्या होत्या. माझी झोप तर कधीचीच उडाली होती आणि भिंतीतून कोणीतरी माझ्याशी बोलत होतं. जेवणाच्या दिवशी आंबील ढवळता ढवळता मी त्या आवाजाला मोठ्यानं उत्तरं द्यायला लागले. पळी फेकली, केस सोडले. सासूबाईंनी माझ्या गालांकडं पाहिलं आणि हात जोडले.

"अंगात आली व माय! तेज पाहा ना चेहऱ्यावर!"

डॉक्टरांनी नवऱ्याला बजावलं होतं, हा आजार मेंदूवरही जातो, असंबद्ध बोलायला लागली तर त्याच दिवशी घेऊन या. नवरा सरकारी कचेरीत कारकून, चांगला शिकलासवरलेला. त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. गल्लीतल्या बायका ओटी घेऊन आल्या. एकीनं विचारलं, "माह्या पोरीचं लगन कधी जुळन माय?" मी काय बरळले कोण जाणे, ती खूश होऊन गेली. विसर्जनानंतर मी भिंतीवर डोकं आपटायला लागले, तेव्हा कुठं मला वर्ध्याला नेलं.

उपचारानं आवाज गेले. डोकं मात्र पूर्वीसारखं राहिलं नाही. शाळेत मी गणित शिकवते. फळ्यावर उदाहरण मांडते आणि मधेच पुढची पायरी सापडत नाही. मग पोरांनाच विचारते, "सांगा, आता काय करायचं?" त्यांना वाटतं, बाई परीक्षा घेतात. गोळ्यांसाठी मोबाइलवर गजर, झोपेची ठरलेली वेळ, उन्हात छत्री. हे सगळं मी एकटीनं बसवलं, आणि मला त्याचा गर्व आहे.

घरात मात्र देवी उतरली आणि खाली वेडी उरली. भाजीत मीठ जास्त झालं एवढं म्हटलं, तरी सगळ्यांचा एकच प्रश्न, "गोळी घेतली का?" यंदा मोठ्या जावेनं महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकातून मला परस्पर वगळलं.

"तू आराम करजो बाई. सवाष्णींच्या पंगतीत काही गडबड नको."

मी भडकले. "तवा माह्या पाया पडाले तुमीच सगळ्यात पुढं होत्या ना?"

नवरा पाण्याचा गिलास आणि माझी गोळ्यांची डबी घेऊन आला. "काऊन चिडून राह्यली? गोळी घेतली नाई का?"

घेतली होती. मी त्याला डबीतला आजचा रिकामा खण दाखवला.

"मंग डोस वाढवा लागन," तो म्हणाला.

डोस वाढला की दिवसभर पेंग येते, हे मी भोगलंय. पेंगणाऱ्या बाईच्या हाती वर्ग कोण ठेवेल? आणि माझं म्हणून आता तेवढंच उरलंय. म्हणून तेव्हापासून मी घरात राग गिळते.

परवा तपासणीला गेलो. डॉक्टरांनी मला विचारलं, "चिडचिड होते का?"

"नाई जी," नवराच बोलला. "एकदम शांत झाली आता."

"खरंच का मॅडम?"

मी हसून मान डोलावली.