आमच्या खाडीची केस जिंकलो!

मंडळी, आज दुपारी पेणहून आमच्या वकीलबाईंचा फोन आला. आपण जिंकलो!

गावच्या खाडीकाठच्या रिसॉर्टला वाढीव बांधकाम करायचंय. त्यांच्या पर्यावरण अहवालात लिहिलं होतं, या खाडीत कोणीच मासेमारी करत नाही. त्यावर त्यांना परवानगीही मिळाली, म्हणून आम्ही गावकरी हरित लवादात गेलो. आज लवादाने परवानगी रद्द करून नव्याने अभ्यास करायला सांगितलं.

मी धावतच खाडीवर गेले. अनसूयाकाकी गुडघाभर चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडत होती. काठावरूनच ओरडले, "काकी, आपण केस जिंकलो!"

ती खळखळून हसली. "मंग आता तरी लिवतील ना गो, आमी हाव म्हनून?"

मी चपला काढल्या, चिखलात उतरले आणि तिला मिठीच मारली.

तुमच्या गावाबद्दलचे असे अहवाल कधी वाचलेत का? त्यात तुम्ही सापडलात?