दुब्राव्ह्याचा पहिला नंबर

आर्लीन क्राईचेकच्या काट्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. चौतीस वर्षं झाली, दुब्राव्ह्याच्या सोसायटीच्या कोठारावर ती ट्रक तोलते. मक्यानं भरलेला ट्रक काट्यावर चढला की ती आधी माणसाकडं बघत नाही, चाकांकडं बघते. सगळी काट्यावर आहेत ना. मग पोकळ सळई मालात खुपसून मूठभर दाणे काढायचे, ओल तपासायची आणि तेवढं वजन कापायचं. "दाणा जड लागला म्हंजे चांगला असं न्हाई. पाणी पिऊन आला असंल," असं तिनं एकदा सख्ख्या भावाला ऐकवलं. भाऊ दोन वर्षं बोलत नव्हता. आर्लीनला तेवढीच शांतता.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र तिचा काटा बदलायचा. शाळेच्या फुटबॉल मैदानावर लाकडी माडी आहे, तिथं शिसपेन्सिल कानाला लावून ती बसायची. ही सवय माहेरची. दर शनिवारी न्याहारीला बाप आणि तिघं भाऊ कालच्या सामन्यावरून भांडत, आणि बश्या फुटत. एकोणीस वर्षांच्या आर्लीननं एका शनिवारी टेबलावर वही ठेवली. कोण किती यार्ड गेला, सगळं लिहिलेलं. भांडणं काही थांबली नाहीत, पण बश्या वाचल्या. तेव्हापासून गावाचे आकडे तिच्याच वहीतनं साप्ताहिकाला जातात.

आता हा अमेरिकेतला फुटबॉल, हातानं खेळायचा. त्यात समोरच्याला पुढं जायच्या दोनच वाटा. चेंडू बगलेत मारून गर्दीतनं घुसत पळायचं, नाहीतर डोक्यांवरनं लांब फेकायचा. पळणाऱ्याला अडवायला पुढं दांडग्या पोरांची फळी, फेक अडवायला मागं चार चपळ पोरं. पुढच्या फळीचा कोच ड्वेन नोव्होत्नी. शाळेत वेल्डिंग शिकवायचा, बोलायचा कमी आणि हातावर कायम भाजल्याचे डाग. मागच्या चौघांचा कोच गेलन. त्याच्या हातावर डाग नव्हते, पण सासरा होता. नॉर्बर्ट सेडलाक, ट्रॅक्टरचा विक्रेता, शाळा मंडळाचा सभासद आणि गावातल्या कुठल्याही फोटोत मधला माणूस.

त्या साली नेब्रास्कात मका कमरेएवढाच वाढला आणि दुब्राव्हा सहा सामने खेळून सहाही हरलं. गाव सुतकात होतं. तेवढ्यात साप्ताहिकात जिल्ह्याचा तक्ता आला. पळणाऱ्याला अडवण्यात दुब्राव्हा शेवटचं, समोरच्यांना सामन्याला तीनशे दहा यार्ड जाऊ दिलेले. आणि फेक अडवण्यात दुब्राव्हा पहिलं. फक्त बेचाळीस यार्ड.

गावाला कशात तरी पहिलं येऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि तेव्हाही ते डुकराच्या वजनात आलं होतं. शनिवारी सकाळी हॉटेलात राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे रोल पुढ्यात घेऊन सगळे छाती फुगवून बसलेले.

"वेशीवर पाटी लावायची," नॉर्बर्ट म्हणाला. "फेक अडवण्यात जिल्ह्यात पहिलं गाव. आणि पुढच्या सोमवारी मंडळाच्या बैठकीत ड्वेनला कोचपदावरनं मोकळं करायचं. एका बाजूनं गेलन धरतोय आणि दुसऱ्या बाजूनं सगळं गळतंय."

आर्लीन कोपऱ्यात कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेला चेक पाव, खात होती. तिनं तोंड पुसलं.

"नॉर्बर्ट, आपल्यावर सामन्याला किती फेका झाल्या, बगितलंस का?"

"बेचाळीस यार्डाच्या."

"सहा. सहा फेका. बाकीच्या गावांवर वीस-वीस होत्यात. एका फेकीला सात यार्ड दिलेत आपण, जिल्ह्यात आपल्यापेक्षा वाईट एकच गाव हाय. अरं, दार सताड उघडं असल्यावर खिडकीतनं कोण शिरंल?"

"मग खिडकी राखली ना गेलननं."

"खिडकीकडं कुणी आलंच न्हाई, बाबा."

"म्हंजे धाक हाय त्याचा," नॉर्बर्ट म्हणाला, आणि सगळ्या हॉटेलानं माना डोलावल्या. अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे म्हशीला आरसा दाखवणं. आर्लीननं दुसरं कोलाचे उचललं.

पण घरी जाऊन तिनं वही काढली. नवरा एमिल गुडघ्यांमुळं मैदानावर जायचा नाही, रेडिओवर ऐकायचा. त्याला तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. सामन्याला पन्नास वेळा समोरचे पळाले. त्यातल्या एक्केचाळीस वेळा मिळून एकशेदहा यार्ड; म्हणजे एका वेळेला तीनसुद्धा नाहीत. उरलेल्या नऊ वेळांत दोनशे.

"मग त्या नऊ येळेला काय झालं?" एमिलनं विचारलं.

"फळीतनं एखादा निसटतोच की रे. त्याला पुढं मागच्या चौघांनी धरायचं असतंय. ते असत्यात कुठं? गेलननं त्यास्नी पार मागं, वीस पावलांवर उभं केलंय. फेक आली तर आपला बेचाळीसचा आकडा बिघडू नये म्हणून. पळणारा त्यांच्यापर्यंत पोचतो तवर घोडा झालेला असतोय."

"सांग की मग लोकास्नी."

"सांगितलं. धाक हाय म्हणत्यात."

सोमवारी ड्वेन आपल्या शेतकरी सासऱ्याचा ट्रक घेऊन काट्यावर आला. मका ओला होता, तिनं कापायचं ते कापलं. तो खिडकीशी घुटमळला.

"आर्लीन, तुमच्या वहीत माझं काय दिसतंय?"

"तुझं बरं दिसतंय. सामन्याला फळीतनं निसटलेले तेवढे नऊ."

"मग मंडळाला तसं..." त्यानं डागाळलेला अंगठा खाजवला. "म्हंजे नऊच्या जागी चार-पाच लिवलं, तर कुणाला कळणार न्हाई."

"मला कळंल ना," आर्लीन म्हणाली. "तुझा मका आत्ता मी कोरडा लिवला का?"

"न्हाई."

"मग."

तो गाडीत बसला. आर्लीनला रात्रभर त्याचा अंगठा दिसत राहिला. या माणसानं चौदा वर्षं पोरांना खांदा खाली ठेवून भिडायला शिकवलं होतं, आणि तिच्याच वहीतल्या आकड्यानं त्याचा गळा कापला जाणार होता.

मंगळवारी तिनं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दुब्राव्ह्यावर फेका किती, एका फेकीला यार्ड किती, पळणारा फळीपाशी किती वेळा आडवा झाला, निसटल्यावर किती लांब गेला. आणि तो कागद काट्याच्या खिडकीला लावला. आतून नाही, बाहेरून. ओल तपासून होईपर्यंत ट्रकवाल्याला जिथं उभं राहावं लागतं, बरोब्बर तिथं. आता ही सोसायटी दोन गावांची. शॉनबर्गचे जर्मन शेतकरीही मका इथंच घालतात, आणि त्या शुक्रवारचा शेवटचा सामना शॉनबर्गशीच होता. हे तिच्या ध्यानात आलं नसेल असं म्हणणाऱ्यानं चौतीस वर्षं काट्यावर बसलेल्या बाईला ओळखलं नाही.

बुधवारी शॉनबर्गच्या कोचचा बाप राइनहोल्ड आला. ट्रक काट्यावर लावून तो त्या कागदापुढं उभा राहिला. बराच वेळ.

"आर्लीनबाई, हे आकडे खरे का?"

"तुझ्या मक्याची ओल साडेसोळा टक्के निघाली. ती खरी का?"

"असंल."

"मग हेही असत्याल."

राइनहोल्डनं पावतीच्या मागं काहीतरी लिहून घेतलं आणि वजनाबद्दल पहिल्यांदाच एक अक्षर न काढता गेला.

शुक्रवारी शॉनबर्गनं एकतीस फेका केल्या. एरवी ते गाव पळूनच खेळत आलं होतं. त्या दिवशी त्यांना पळायचा कंटाळा आला होता. बावीस झेलल्या. तीनशे अठरा यार्ड. गेलनची पोरं फेक बघून मागं, अजून मागं, शेवटी जवळजवळ पार्किंगमध्ये. पळून मात्र शॉनबर्गला चौदा वेळांत मिळाले फक्त सदतीस. दुब्राव्हा सातवा सामना हरलं. जिल्ह्याचा पहिला नंबर शनिवारी सकाळी पाचवा झाला.

हॉटेलात कुणी रोलला हात लावेना. गेलन म्हणाला वारं उलटं होतं. एकानं विचारलं, मधे बाजू बदलल्या तरी दोन्ही अर्ध्यांत? तर तो म्हणाला हो. मग नॉर्बर्टनं तक्ता डोळ्यांजवळ धरला आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"सदतीस," तो म्हणाला. "तीनशे दहावरनं सदतीस. एका आठवड्यात. ड्वेननं काय जादू केली ही?"

सोमवारी शाळेच्या जेवणघरात मंडळ बसलं. ड्वेन मागच्या बाकावर, टोपी हातात. गावाला रविवारभरात नवा देव सापडलेला होता आणि त्याला खाली उतरवायची कुणाचीच इच्छा नव्हती. फक्त वहीवाल्या बाईनं आकडा वाचायचा आणि माना डोलायच्या.

"वाच आर्लीन," नॉर्बर्ट म्हणाला. "सदतीस एवढंच वाच. बाकीचं कशाला."

तेवढंच वाचलं असतं तर ड्वेन सुटला असता. आर्लीननं चष्मा लावला.

"चौदा येळा पळाले, सदतीस यार्ड. एका येळेला दोन पूर्णांक सहा. आधीच्या सहा सामन्यांत फळीपाशी अडवलेले, एका येळेला दोन पूर्णांक सात." तिनं चष्म्यावरून बघितलं. "म्हंजे ड्वेन सुधारलेला न्हाई. आधी जेवढा चांगला होता तेवढाच हाय. शॉनबर्ग पळालंच न्हाई, म्हणून आकडा बारका दिसतोय. हा बी ओलाच दाणा हाय."

मागच्या बाकावर ड्वेननं टोपी गुडघ्यावर ठेवली.

नॉर्बर्ट घसा खाकरून म्हणाला, "लिहून घ्या. ड्वेनच्या कामात मोठी सुधारणा, बाईंच्या आकड्यांवरनं सिद्ध. कायम ठेवण्यात येतंय." पाच हात वर गेले. आर्लीननं वही मिटली.

त्याच आठवड्यात वेशीवर लागलेल्या नव्या पाटीवरचं 'फेक' रंगवून झाकलं आणि वर 'पळ' लिहिलं. रंग स्वस्तातला होता. उन्हात खालचं अक्षर दिसायचं. गेलननं कुणाला न सांगता आपली पोरं दहा पावलं पुढं आणली.

ड्वेन पुढच्या फेरीला ट्रक घेऊन आला तेव्हा खिडकीवर कागद नव्हता. मंडळानं काढायला लावला होता.

"तुमी मला कामातनं घालवलं असतं की," तो म्हणाला.

"व्हय, घालवलं असतं."

"पण दोन पूर्णांक सात... ते घरी बायकोला सांगितलं म्या."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, हे मला ठाऊक होतं."

आर्लीननं सळई मक्यात खुपसली, दाणे तळहातावर घेतले.

"साडेचौदा," ती म्हणाली. "ह्या खेपेला वाळवून आणलास. चल, ट्रक पुढं घे. मागं रांग लागलीय."