पिठाच्या डब्यामागचा निळा तुकडा

"बाई, चाळीस वर्सं काच कापतोय मी. कुठली काच कुठल्या काचेशी नांदंल ते मला नका सांगू."

"मामा, कापण्यात तुमचा हात धरणारं कोणी नाही. पण तेवढा घरचा तुकडा भट्टीत नको. आपल्या वर्गाच्या पेटीतल्याच काचा घ्या."

मामा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी खिडक्यांच्या काचा कापून देणारा काचवाला. मामी गेल्यापासून दुकानात भिंतीशी बोलायचा. रविवारी तरी चार माणसांत बसेल म्हणून लेकीनं त्याचं नाव या वर्गात घातलं. काचेचे रंगीत तुकडे एकमेकांवर मांडून भट्टीत एकजीव करायचे, असा या बाईंचा नवशिक्यांचा वर्ग. पहिल्या दिवशी मामाची ऐट बघण्यासारखी होती. बाकीचे बोटं वाचवत बसलेले, आणि हा एक रेघ ओढून काच टचकन मोडणार. शेजारणीला वर शिकवणार, "भ्यायलीस की वाकडीच मोडती बघ."

तिसऱ्या रविवारी त्यानं फडक्यातून तो निळा तुकडा काढला. कुठल्याशा कामातून उरलेला, तळहाताएवढा. मामीनं बावीस वर्षं पिठाच्या डब्यामागे जपलेला. गावभर खिडक्या बसवणाऱ्याच्या स्वयंपाकघरात वीतभर खिडकी, तिला ठोकलेला पत्रा. मामी म्हणायची, "ओट्यावर जरा निळा उजेड पडू दे की." हा म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात." मामी गेली तेव्हाही पत्रा जागेवरच होता.

आता त्याला त्या खिडकीपुरती काच करायची होती, मधोमध मामीचा निळा. बाई दुसऱ्या टेबलाकडे वळल्या तसा त्यानं तुकडा पेटीतल्या दोन बिनरंगी काचांमध्ये सरकवला.

दुसऱ्या दिवशी भट्टी निवली. काच अखंड निघाली.

"बघा, नांदली का नाय?"

बाईंनी काच उजेडासमोर धरली, पण त्या हसल्या नाहीत. "काही दिवस जाऊ द्या, मामा. लगेच बसवू नका."

ऐकतो कशाला? घरी जाऊन पत्रा उपटला, काच बसवली. तीन दिवस ओट्यावर निळा उजेड पडला. मामा हातातला चहा गार होईपर्यंत तिथंच उभा असायचा. चौथ्या दिवशी दुपारी टक् असा आवाज झाला. निळ्याच्या कडेकडेनं चीर फिरली आणि निळ्यातूनच आरपार गेली.

तुकडे घेऊन तो बाईंकडे गेला. बाई एवढंच म्हणाल्या, "दोन्ही काचा निवताना सारख्या आकसत नाहीत. एकमेकींना ओढतात. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"तवा मी शेजारणीला काच मोडायला शिकवत होतो." मामानं तुकडे फडक्यात गोळा केले. "आमच्या हिचंबी जन्मभर असंच ऐकलं."

पत्रा पुन्हा ठोकायला त्याचा हात उठेना. म्हणून साधीच काच कापली, चार खिळे मारले, पुट्टी भरली. सगळं मिळून पाव तासाचं काम. झाल्यावर तो बराच वेळ स्टुलावरून उतरलाच नाही. लेक म्हणाली, "आप्पा, उतरा आता." तेव्हा उतरला.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली. न्हाणीघराची काच फुटलेली, माप चिठ्ठीवर. "सवडीनं करा. पुढच्या आठवड्यात नेली तरी चालेल."

"आठवडा-बिठवडा काय नाय," मामा खेकसला. "बसा त्या बाकड्यावर."

आणि पट्टी लावून त्यानं काचेवर रेघ ओढली.